खुंटीवरची टोपी

माझी बायको रतन पहाटे गेली. सकाळपर्यंत वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत कळलं आणि चित्रपट मंडळाचे अध्यक्ष चांगदेवराव भेटायला आले. शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, मग हळू आवाजात सिनेमाचा पेन ड्राइव्ह मागितला. तो त्याच दिवशी परत करायचा होता.

मंडळ हॉलीवूडचे जुने सिनेमे दाखवतं, घरीही देतं. आदल्या संध्याकाळी आम्ही त्यातला एक अर्धा पाहिला होता. पियानो विकणाऱ्या माणसाची बायको भांडून बर्फात निघून जाते. तिची टोपी खुंटीवरच राहते. रतन दमली होती. म्हणाली, "अहो, बंद करा. टोपी विसरलीय म्हणजे येणार ती. उद्या बघू. मला सोडून पुढे बघायचा नाही हं."

तेराव्यानंतरच्या रविवारी मंडळाने तिच्या स्मरणार्थ तोच सिनेमा लावला. शोकठरावात म्हटलं होतं की रतनताई चर्चेत सिनेमाची गोष्ट विचारत, तरीही मंडळाचा त्यांच्यावर लोभ होता.

मंडळाचा नियम असा, की दिग्दर्शन दिसलं की कुणीही सिनेमा थांबवावा. विनीतने टोपीपाशी थांबवला. त्याच्या मते टोपी म्हणजे बाईचं हुकलेलं स्वातंत्र्य. योगिनीताईंच्या मते चौकटीचा डावा कोपरा रिकामा दिसत होता, म्हणून टोपी. सुदेशने दोघांनाही खोडलं. स्टुडिओवाले दिग्दर्शकाला टोपीसुद्धा निवडू देत नसत म्हणे. मग मागे नेऊन टोपी पुन्हा पाहिली. माझे डोळे भरून आले. विनीतने पाणी दिलं आणि समजावलं, "काका, इथे रडायचं नसतं. इथे नुसता कॅमेरा पुढे जातोय. रडायची जागा मागे गेली."

तेवढ्यात झुंबाच्या बायका आल्या. हॉल आता त्यांचा होता. मी शेवटाचं विचारलं. चांगदेवराव म्हणाले, त्या काळी शेवट निर्माता ठरवायचा, त्यामुळे जाणकार तो बघत नाहीत. मंडळाने आजवर एकही शेवट पाहिलेला नाही.

मी पेन ड्राइव्ह मागितला. एकदा नेलेला सिनेमा पुन्हा न्यायचा तर दिग्दर्शनावर मत द्यावं लागतं.

"ती परत यावी असं वाटतं," मी म्हणालो.

"ही इच्छा झाली हो," चांगदेवराव म्हणाले. "मत कुठंय?"

मी तयारी केली. पुढच्या बैठकीत प्रकाश, चौकट, कॅमेरा यांवर बोललो. टोपी तिथे अनावश्यक आहे, असंही बोललो. टाळ्या पडल्या. विनीत म्हणाला, काका आता तयार झाले. मला लगेच कार्यकारिणीवर घेतलं. पेन ड्राइव्ह मात्र मिळाला नाही, कारण जाणकाराला शेवट कशाला हवा? उलट सिनेमांच्या कपाटाची जबाबदारी माझ्याकडे आली.

किल्ली आता माझ्याच खिशात असते. तुम्ही वाचताना गोष्ट कशी मांडलीय हे बघत असाल, तर मंडळात जागा आहे, या. त्या बाईचं पुढे काय झालं असं विचारत असाल, तर मला सांगता येणार नाही. उरलेला सिनेमा अजून बघायचा राहिलाय.