स्टेशनावरचे आर्टिचोक

"तू त्यांना नक्की काय विकलंस?" कार्मनूने पुन्हा विचारलं.

"मास्तर म्हणाले, जांभळं आणि उंच. मी दिलं जांभळं आणि उंच," जिझा म्हणाली.

माल्टाहून येऊन दोघा नवराबायकोने सिडनीच्या पश्चिमेला नर्सरी काढली, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. कार्मनू खत आणायला गेलेला असताना स्टेशनमास्तर प्रिचर्ड आले आणि जिझाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आयुष्यातली पहिली विक्री केली. रेल्वेच्या बागस्पर्धेसाठी मास्तरांना फुलझाडं हवी होती. तिने दिली आर्टिचोकची रोपं, तीही घरी खायला वाढवलेली.

"त्याला जांभळं फूल येतंच की," ती म्हणाली.

"आपण येऊ देतो का? कळी कोवळी असतानाच उकडून खातो."

"मास्तर थोडेच खाणार आहेत?"

हे मात्र खरं होतं. मास्तरांनी आर्टिचोक जन्मात पाहिला नव्हता. वसंतात फलाटालगत कंबरेएवढी करडी, काटेरी पानं माजली, तसे ते सायकल दामटत नर्सरीत आले.

"बाई, हे रानातले काटे आहेत. परीक्षक मला हसतील."

रोपं बदलून देतो, असं कार्मनू म्हणणार, तोच जिझाने दोन्ही हात फाकवले. "थांबा. फूल. मोठं."

तिच्या हातांतलं अंतर डोळ्यांनी मोजत मास्तर परत गेले.

"एवढं नाही आलं तर?" कार्मनू हळूच म्हणाला. "हे आपलं पहिलं मोठं गिऱ्हाईक आहे."

"येईल. आधी कळ्या राखायला हव्यात."

राखायला हव्या होत्याच, कारण धावत्या गाडीतून कुणा माल्टावाल्याला त्या दिसल्या होत्या. रविवारी चर्च सुटल्यावर निम्मा डबा त्या स्टेशनावर उतरला. प्रत्येकाच्या खिशात चाकू. जिझा वाफ्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"हात लावून तर बघा."

"अगं पोरी, बोट सोडल्यापासून चव नाही बघितली," म्हातारा चेन्सू रडवेला झाला. "फूल आल्यावर वायाच जायचं ना ते?"

जिझाच्या तोंडालाही पाणी सुटलं होतं. शेवटी तिने तोड काढली. बाजूच्या बारक्या कळ्या लोकांना, शेंड्यावरची मोठी मास्तरांच्या फुलाला. आरडाओरडा ऐकून मास्तर धावत आले, तेव्हा त्यांच्याच शेगडीवर लसूण आणि ऑलिव्हच्या तेलात कळ्या शिजत होत्या. चेन्सूने एक त्यांच्या हातावर ठेवली. मास्तर काट्यासकट चावायला निघाले.

"असं नाही, साहेब. पाकळी दातांनी ओढायची. गर तेवढा घ्यायचा."

मास्तरांनी एक पाकळी ओढली. मग दुसरी. मग खुर्ची ओढून बसले.

स्पर्धेच्या दिवशी कार्मनू-जिझा ठेवणीतले कपडे घालून स्टेशनावर गेले. वाफ्यात नुसते दांडे उभे होते. पार कोपऱ्यात एकच फूल फुललं होतं, मोठं आणि जांभळंगर्द. परीक्षक त्याच्याकडे एकदा बघून पुढच्या गाडीने निघून गेले होते.

"चेन्सूला मी सोडत नाही," जिझा म्हणाली.

"त्याला कशाला बोलता, बाई?" मास्तर कचेरीतून बाहेर आले. मिशीला तेल लागलं होतं, ते त्यांनी रुमालाने टिपलं. "पुढच्या वर्षी दुप्पट रोपं द्या. आणि परीक्षकांसाठी दुसरं काहीतरी बघा. खाता न येण्यासारखं."