रिकामी ट्रंक आणि आबांची फर्स्ट क्लास गाडी

माळा साफ करायचा, एवढंच मी त्या रविवारी ठरवलं होतं. माणसाने घर साफ करू नये, हे मला आता कळलंय.

माळ्यावर आमच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, जुनी पिशवी निघाली. आबांना जाऊन सहा वर्षं झाली. पिशवीत गिरणीचा पास, तुटका चष्मा आणि एक काळा-पांढरा फोटो. फोटोत झकास आगगाडी! इंजिनातून धूर निघतोय, मागे डोंगर, आणि डब्याच्या दारात कोट-टोपी घालून आबा उभे. स्टेशनची पाटी होती, ती नेमकी आबांच्या डोक्यामागे. (आमच्या घरातली माणसं उभी राहतात ती अशीच, कामाच्या वस्तूच्या पुढे.)

आमच्या गावाच्या मुंबई मंडळाला पन्नास वर्षं होणार होती. त्यासाठी स्मरणिका निघणार आणि पहिल्या पानावर जुन्या माणसाचा फोटो येणार. माझी चुलत जाऊ माधुरी, बोरिवलीची, तिने तिच्या सासऱ्यांचा मोटारीला टेकलेला फोटो आधीच देऊन ठेवलेला. मोटार दुसऱ्याची, पण ऐट अशी की जशी कंपनीच यांची! आणि आमच्या आबांनी तीस वर्षं मंडळाच्या सतरंज्या घातल्या आणि उचलल्या, त्यांचा एक फोटो कधी कुठे आला नाही. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, पहिल्या पानावर आबाच येणार.

सेक्रेटरी भाऊरावांना फोन लावला.

"वहिनी, फोटो एक नंबर. पण ठिकाण आणि साल पाहिजे. शनिवारपर्यंत. नाहीतर मोटार जाते."

"मोटार नाही जात. गाडी जाते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता ठिकाण आणायचं कुठून? आमच्या गावाला तेव्हा रेल्वेच नव्हती. आबा एसटीने जायचे. मी आमच्या ह्यांना, सहदेवला (नाव घेतल्याने आभाळ कोसळत नाही), विचारलं.

"दिवा स्टेशन असेल," हे म्हणाले.

"दिव्याला एवढा डोंगर?"

"मग कर्जत."

"मघाशी दिवा, आता कर्जत. तुम्ही काय गार्ड आहात?"

तेवढ्यात लसूण सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगो सुगंधा, तां..."

"आई, तुम्ही मधे बोलू नका. आधीच हे एक बोलतायत."

मुलगी जान्हवीने फोटो मोबाइलवर कुठल्याशा रेल्वेवेड्यांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात दीडशे उत्तरं. एक म्हणे मिरज, एक म्हणे भुसावळ, एक तर म्हणे आफ्रिका. (आबा आणि आफ्रिका! त्यांना ठाण्याला जायचं तरी डबा बांधून द्यावा लागायचा.) शेवटी मुलुंडचा यज्ञेश नावाचा माणूस म्हणाला, मी येऊन बघतो. चाळिशीचा, बँकेतला साहेब, पण रेल्वे म्हटलं की खुळा. गोरेगावला, आमच्या दिंडोशीपर्यंत भिंग घेऊन आला. चहा थंड झाला तरी डब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकलेले खिळे, मोजतोय.

"एकशे बारा," तो म्हणाला. "काकी, हा लाकडी बॉडीचा फर्स्ट क्लास डबा आहे. फोटो १९३४च्या पुढचा नाही. आणि डोंगराचा उतार बघता हा खंडाळ्याचा घाट. शंभर टक्के."

"चौतीस?" हे म्हणाले. "आबांचा जन्मच एकोणचाळीसचा."

मीच डोकं चालवलं.

"मग हे आबा नाहीतच. हे आबांचे वडील."

"अगं, आजोबा तालुक्याच्या बाजारापलीकडे कधी गेले नाहीत."

"तुम्ही होतात तेव्हा बघायला?"

"नव्हतो."

"मग?"

झालं! चौथी पास बाईने घराण्याला ब्रिटिशांच्या फर्स्ट क्लासात बसवलं. सासूबाई परत "अगो, माजा आयक..." म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, पाहुणे बसलेत."

यज्ञेशने कौतुकाने भिंग माझ्या हातात दिलं. मी बघितलं तर फलाटावर एक नऊवारीतली बाई. डोक्यावर ही मोठी पत्र्याची ट्रंक, तोंड पदराआड, आणि मान कशी? ताठ, जशी डोक्यावर फुलांची परडी!

"ही बया बघा," मी म्हटलं. "पंधरा वर्षं मी पाण्याचे हंडे वाहिलेत, मला नका सांगू. भरलेल्या ओझ्याखाली मान अशी राहते? ट्रंक रिकामी आहे. एक नंबरची कामचोर. रिकामी ट्रंक घेऊन मिरवतेय मेली."

सासूबाईंनी लसूण खाली ठेवला. पण मी कशाला लक्ष देते?

शुक्रवारी भाऊरावांनी छापायचं पान मोबाइलवर पाठवलं. मी आवाज चढवून वाचलं, शेजारी ऐकू जावं म्हणून. "खंडाळा घाट, १९३४. फर्स्ट क्लासने प्रवास करणारे आपल्या गावचे पहिले गृहस्थ..." आणि पुढे आबांच्या वडिलांचं नाव.

"गप!" सासूबाई ओरडल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. "ह्यो माझो सासरो न्हय, माझो घोव, तुमचे आबा! माका माझो घोव वळखूक येना नाय?"

"अहो आई, पण खंडाळा..."

"खयचो खंडाळो? शुटिंग होता तां, पिक्चरचा! गिरणीचो संप होतो, थय जेवण गावायचा म्हणान आम्ही दोघां जायचो. इंजिन फळयेचा. धूर नारळाच्या सोडणांचो. आणि डोंगर..." त्यांनी लसणाच्या सुरीने खिडकीबाहेर दाखवलं. "तो बघ थय."

मी बघितलं. त्या डोंगराकडे तोंड करून मी सतरा वर्षं कपडे वाळत घालते.

हे तेव्हा गावाला आजीकडे होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि शुटिंगमध्ये उभं राहिल्याचं कळलं तर गाव हसेल म्हणून आबांनी फोटो पिशवीत दडवला होता.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू बोलूक दिलंस खय? आणि आयक. ती ट्रंकवाली मीच."

मी मोबाइलवरचं पान बोटांनी मोठं करून ती बाई शोधली.

"रिकामीच होती ट्रंक," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तो डायरेक्टरपण तुज्यासारखोच वरडत होतो, मान वाकव, मान वाकव. पण 'मेली' नाय म्हणालो माका."

मी खोटं छापू देणारी बाई नाही. वाटलं, गेलं आबांचं पान. मन घट्ट करून भाऊरावांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मोटारवाले कितीतरी आहेत. पिक्चरवालं जोडपं आपल्या गावात एकच! पान आबांचंच."

ठिकाण छापलं, गोरेगाव पूर्व; साल, गिरणी संपाचं. यज्ञेशला कळवलं, तर त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, "रिव्हेट मात्र एकशे बाराच आहेत."

कार्यक्रमात सासूबाईंना शाल, नारळ आणि हातात माईक. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्यांनी आबांचा संप सांगितला, धूर सांगितला, आणि मग मी काय काय म्हटलं ते अक्षरशः सांगितलं. 'मेली'सकट. सगळा हॉल हसला. माधुरी तर उभी राहून हसली.

निघताना भाऊरावांनी स्मरणिकेच्या पन्नास प्रतींचा गठ्ठा दिला, गोरेगावात वाटायला. ह्यांची कंबर धरलेली (ती बरोबर अशा वेळीच धरते). मी चुंबळ केली आणि गठ्ठा डोक्यावर घेतला. जड, म्हणजे दगडच! तरी माधुरी बघत होती म्हणून चालले तोऱ्यात.

पाठून शाल सावरत सासूबाईंचा आवाज आला, "सुगंधा, मान वाकव गो जराशी. रिकामा दिसता."