निम्मा नंबर दिनानाथकाकांचा

"हा नंबर कुणालाही सांगायचा नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही," बँकेचे मॅनेजर रामस्वामी यांनी बजावलं आणि बंद लिफाफा अलकनंदाच्या हातात ठेवला.

"आत कसा लिहिलाय? हाताला लागेल असा?"

"नाही, शाईत छापलाय. बारीक आहे." मॅनेजर जरा घुटमळले. "कुणाकडून तरी वाचून घ्या."

अलकनंदा जन्मांध. तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर. पगार तिचा, पण तो बँकेतून काढून आणायचा भाऊ गजेंद्रने आणि दर वेळी मायेने विचारायचं, "कशाला गं हवेत?" या मायेला ती इतकी विटली होती, की "अंधांना एटीएम कार्ड देत नाही" म्हणणाऱ्या बँकेशी ती वर्षभर भांडली. आपले पैसे आपल्या हाताने, कुणाला न विचारता काढायचे, एवढंच तिला हवं होतं.

नंबर वाचायला गजेंद्र अर्थातच बाद. मग कोण? अलकनंदाने डोकं चालवलं. लिफाफ्यात नंबर नेमका कुठे असतो, ते तिने मॅनेजरकडून बोट ठेवून समजून घेतलं होतं. घरी येऊन तिने निम्म्या नंबरावर चिकटपट्टी लावली आणि उरलेला निम्मा वाचायला समोरच्या बिल्डिंगमधल्या दिनानाथकाकांना दिला. मग पट्टी दुसऱ्या बाजूला लावून उरलेला भाग शेजारच्या राममूर्तींना.

ही जोडी तिने विचार करून निवडली होती. अंबरनाथहून बदलून आलेल्या दिनानाथकाकांचं तमिळ इतक्या वर्षांत 'तण्णी' म्हणजे पाणी, याच्यापुढे सरकलं नव्हतं. राममूर्तींना मराठीचा गंध नाही, हिंदी त्यांना तत्त्वतः येत नसे आणि इंग्रजी दोघांचंही सहीपुरतं. समोरासमोर गॅलऱ्या असूनही दोघांमध्ये आजवर शब्द झाला नव्हता.

"कवलैये वेंडाम, अम्मा!" राममूर्ती म्हणाले. अजिबात काळजी नको. जीव गेला तरी तोंडातून नंबर निघणार नाही. आणि तो निघालाही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिनानाथकाका हसतच आले. "अलका, काम फत्ते! दोन्ही निम्मे ताडून बघितले."

"कुणाशी?"

"राममूर्तीशी, आणखी कुणाशी? म्हटलं, त्याने तुला नीट वाचून दाखवलंय की नाही बघावं. लगेच गॅलरीत बोलावला."

"पण काका, तुम्हाला तमिळ कुठे येतं?"

"तमिळ हवंय कशाला? बोटं आहेत की! मी चार दाखवली, मग नऊ. त्याने आठ दाखवली, मग एक. झालं!"

दिवसभर आवाजावर नोकरी करणाऱ्या बाईने भाषांचा चोख बंदोबस्त केला होता. डोळस माणसं बोटांनीही बोलतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"खाली कुणी नव्हतं ना?" तिने धास्तावून विचारलं.

"कुणीसुद्धा नाही! पाण्याच्या टँकरची रांग होती फक्त. उलट बरंच झालं. मला त्याची सहाच बोटं दिसली, तर रांगेतल्या अंबुजा अम्मांनी ओरडून दुरुस्त केलं, 'एट्टु! एट्टु!' एट्टु म्हणजे आठ बरं का."

रात्री जेवताना गजेंद्र म्हणाला, "नंबर छान मिळालाय तुला. लक्षात ठेवायला सोपा."

वर्षभर भांडून मिळवलेली चीज कॉलनीने दोन दिवसांत सार्वजनिक केली होती. तिला रडू येत होतं आणि राग कुणावर काढावा तेही कळत नव्हतं, कारण सगळेच तिच्या भल्यासाठी झटत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने एकटीने फाटकाजवळचं एटीएम गाठलं. "मला नंबर बदलायचाय. पडद्यावर येईल ते वाचा, कुठलं बटण ते सांगा, बस," ती राखणदार राजगोपालला म्हणाली. तो मन लावून वाचू लागला. नव्या नंबराची पाळी आली तेव्हा तिने बटणांवर पदर ओढला, पाचावरचं उंचवट्याचं टिंब चाचपलं आणि बोटं चालवली.

"स्टार, स्टार, स्टार, स्टार," राजगोपालने वाचलं.

"आकडे नाही दिसत?"

"नाही, अम्मा. नुसते स्टार. मशीन मलासुद्धा सांगत नाही."

अलकनंदाला त्या मशीनला मिठी मारावीशी वाटली. पोटात गोष्ट ठेवणारं साऱ्या आवडीत तिला भेटलेलं ते पहिलंच कुणीतरी होतं.

पगाराच्या दिवशी ती निघाली, तर फाटकाशी दिनानाथकाका आणि राममूर्ती तयार होऊन उभे. दोघांची आता चांगलीच गट्टी जमली होती. रोज गॅलरीतून हातवारे चालत. तिला एकटीला सोडायला दोघेही तयार नव्हते. राजगोपालने त्यांना आत घेतलं नाही, तेव्हा दोघे दाराबाहेरून आपापलं कर्तव्य बजावू लागले.

"चार! नऊ!" काकांनी आवाज दिला.

"एट्टु! ओण्णु!" राममूर्तींनी पुढचं सांगितलं.

आत अलकनंदाने पदराखाली निराळाच नंबर दाबला. मशीन घरघरलं. कोऱ्या नोटा हाताशी आल्या आणि तिने त्या सावकाश पर्समध्ये ठेवल्या. बाहेर दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांचे हात धरून आनंदाने हलवले.

रांगेतला एक सज्जन गृहस्थ पुढे होऊन तिच्या कानाशी तमिळमध्ये कुजबुजला, "अम्मा, सगळ्या रांगेला तुमचा नंबर कळला. आजच्या आज बदला!"

"नको, सार," अलकनंदा हळूच म्हणाली. "त्या दोघांनी मोठ्या कष्टाने पाठ केलाय."