खालचं ठाणं

जानकीवहिनी चालायला लागल्या, असं मी कर्जतच्या बाजारभर सांगत सुटलो. त्या चालायला लागल्या नव्हत्या.

त्यांचे यजमान गोविंदराव आमचे शेजारी. रेल्वेतले निवृत्त तारमास्तर. जगात काहीही घडो, हे म्हणणार, "वर्दी आली." पाहुणे आले तरी वर्दी, पोटात कळ आली तरी वर्दी. वहिनी माथेरानच्या उतारावर घोड्यावरून पडल्या, पाठीचं हाड मोडलं आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून गोविंदराव रोज सकाळी त्यांना खुर्चीत बसवून गुडघ्याच्या वाटीखाली लाटण्याने हलकेच ठोकत. लोक म्हणत, मास्तर भ्रमिष्ट झाला.

एकदा मी कुंपणावरून पाहिलं. लाटणं लागलं आणि पाय टुणकन उडाला! पुढचं काही मी विचारलं नाही. मी शाळामास्तर, विचारायची सवय मला नाही, सांगायची आहे.

तासाभरात त्यांच्या ओटीवर ही गर्दी. मोळी विकायला आलेली कशेळ्याकडची ठाकरीण हात जोडून म्हणाली, "ऊठ गं बाय, येक डाव चालून दाखीव."

एवढ्या लोकांना खोटं कसं पाडायचं म्हणून असेल, किंवा वहिनींनाही क्षणभर खरं वाटलं असेल. त्या खुर्चीचे हात धरून उठायला गेल्या आणि तोंडावर पडल्या.

लोक पांगले. गोविंदरावांनी वहिनींना उचलून आत निजवलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "अहो, पाठीच्या कण्यात खाली एक ठाणं आहे. नुसती तार नव्हे. तिथल्या पेशी आपली वीज आपणच तयार करतात. गुडघ्याकडून वर्दी आली, की परस्पर हुकूम सोडतात, पाय उचल. मेंदूला विचारत नाहीत."

"मग मेंदूचा हुकूम खाली का येत नाही?"

"मधली लाइन तुटलीय. ती जोडणारा कुणी जन्मलेला नाही." खुर्ची आत ओढत म्हणाले, "खाली अजून कुणीतरी जागं आहे, एवढंच मी रोज बघतो."

दुसऱ्या दिवसापासून लाटणं स्वयंपाकघरात गेलं ते गेलंच. आठवड्याने मी धीर करून माफी मागायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "वहिनी, त्या ठोकण्यातून तरी तुमची सुटका झाली."

"मला ते कळतच नव्हतं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पाय उडाला की हे हसायचे. दिवसातून तेवढंच. तेही तुम्ही बंद पाडलंत."