रिकाम्या माईकला हार

वारसा जपायचा असेल तर आधी माणूस वाटेतून दूर करावा लागतो, हे कोणत्याही समितीला शिकवावं लागत नाही. आमची चामोर्शीची 'फिलिपिनो चारसुरी गायन वारसा समिती' याला अपवाद नाही. अध्यक्ष मीच आहे (बिनविरोध, विरोध करणारे त्या दिवशी धानाच्या रोवणीला गेले होते).

मनिलाच्या एका लाडक्या गायक-चौकडीची गाणी आमच्याकडे नथ्थूभाऊंनी आणली. ते दुबईत वेल्डर होते, खोलीतले सोबती फिलिपिनो. चौघांनी चार वेगळ्या सुरांत एकदम कसं गायचं, हे त्यांनीच मला, कुलदीपला आणि प्रफुलला शिकवलं. स्वतः त्यांनी सर्वांत खालचा सूर घेतला. आम्ही तिघांनी वरचे घेतले, कारण टाळ्या तिथेच पडतात.

पुढे एका सर्वेक्षणात शंभर टक्के लोकांनी नथ्थूभाऊंचा आवाज ऐकूच येत नसल्याचं सांगितलं (एकूण लोक: आम्ही तिघं).

"भाऊ, तुमी नुसते उभे राहा ना जी," मी म्हणालो.

"मंग घरीच उभा राहीन," म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून आमचं गाणं टेकू काढलेल्या मांडवासारखं बसलं. उपाय दोन होते: त्यांची माफी मागणे किंवा समिती स्थापन करणे. त्यांचं घर माझ्या घराला लागूनच असल्यामुळे पहिला उपाय अव्यवहार्य ठरला.

मनिलाच्या चौकडीतला एकजण वारल्यावर उरलेल्यांनी त्याचा माईक मंचावर रिकामा ठेवला, असं कुलदीपने कुठूनतरी ऐकलं. वर्धापनदिनाला आम्हीही ठेवला. नथ्थूभाऊंच्या नावाने त्याला हार घातला, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो.

"मी जित्ता आहो ना बे!" तिसऱ्या रांगेतून नथ्थूभाऊ म्हणाले.

(सदर सूचना पुढील बैठकीत विचारार्थ ठेवली आहे.)

मग गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्यात आम्ही तिघंही सुरातून घसरलो. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून तो खालचा सूर आला आणि गाणं उभं राहिलं. मला भरून आलं, लाजही वाटली; अध्यक्ष या नात्याने मी दोन्ही गिळलं. श्रोत्यांना मात्र हा व्यत्यय सहन झाला नाही. सगळं सभागृह वळून म्हणालं, "शूऽऽ!"

नथ्थूभाऊ गप्प झाले. आम्ही पुन्हा घसरलो आणि टाळ्या भरपूर मिळाल्या.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही तिथे नव्हतो. मान्य. पण तिकीट काढून बसला असतात आणि शेजारचा म्हातारा मध्येच गाऊ लागला असता, तर काय म्हणाला असतात?

तुमचं सभासदत्व मंजूर झालं आहे.