पुलाखालची वाट

नकाशेवालीच्या पूरनकाशात साहेबांचं घर छातीभर पाण्यात बुडालं होतं, आणि तो नकाशा साहेबांच्या आधी त्यांच्या बायकोने इंटरनेटवर पाहिला. जोराचा पाऊस तोंडावर आलेला. साहेबांची आंघोळ उरकेपर्यंत फ्रिज, गाद्या आणि सासूबाई वरच्या मजल्यावर पोचल्या होत्या. नाल्याकाठच्या अख्ख्या गल्लीने मग तोच उद्योग आरंभला.

साहेब तणतणत पालिकेच्या कचेरीत आले. "जन्म गेला माझा त्या घरात. पायरीसुद्धा भिजली नाही कधी." संध्याकाळपर्यंत नकाशा मागे घ्या, नाहीतर पुढचा नकाशा दुसरं कोणीतरी काढेल, असंही त्यांनी सुनावलं.

"मॉडेल बरोबर आहे," नकाशेवाली म्हणाली. ती एकदा हट्टाला पेटली की घरचेसुद्धा वाद घालत नसत. पाणी कुठवर चढेल ते कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या या मॉडेलपायी तिने महिनोन्महिने डोळे फोडून घेतले होते. कुणाच्या फ्रिजसाठी ते मोडीत काढायला ती मुळीच तयार नव्हती.

साहेबांची पाठ वळल्यावर मात्र तिने गुपचूप तपासलं आणि चूक सापडली. विमानातून मोजलेल्या उंचीत पूल म्हणजे नाल्यात आडवी घातलेली भिंतच दिसते. पुलाखालून पाण्याला वाट आहे, हे मॉडेलला माणसाने सांगावं लागतं. ते सांगायचं ती साफ विसरली होती. भिंतीला अडलेलं पाणी बिचारं मग साहेबांच्या घरात शिरत होतं.

कबूल करायचंच, तर निदान वाट किती रुंद आहे ते नीट मोजून करावं, म्हणून ती टेप घेऊन पुलाखाली उतरली. वाट नव्हतीच. गाळ, फांद्या, फुटकी टाकी, कुणाचा तरी सोफा. खालपासून वरपर्यंत सगळं गच्च. म्हणजे चुकून का होईना, नकाशा खराच होता. तिला इतका आनंद झाला, की त्याची तिला जराशी लाजच वाटली.

तिने साहेबांना तिथेच बोलावून घेतलं आणि आपली चूकही सांगून टाकली. साहेबांनी नाकाला रुमाल लावून पुलाखाली डोकावून पाहिलं.

"कॉम्प्युटरवर ही वाट उघडायला किती वेळ लागेल?"

"मिनिटभर."

"आणि इथे?"

"जेसीबी, माणसं, दोन-तीन दिवस."

"मग मिनिटाचं काम आधी उरका."

"नाही उरकणार. आधी तुम्ही ही उघडा, मग मी माझी उघडते."

"दुसरा माणूस बोलावीन मी."

"खुशाल बोलवा. त्याने काढलेला नकाशा उशाशी घ्या आणि तळमजल्यावर झोपा."

साहेबांनी एकदा आभाळाकडे पाहिलं आणि जेसीबीवाल्याला फोन लावला.