मान्यताप्राप्त झाड

आपली गाडी मागे जाते तेव्हा तिच्या मागे काय आहे हे चालवणाऱ्याला दिसावं, अशी इच्छा एका आईला झाली. इच्छा साधी होती, त्यामुळे ती मार्गी लागायला सव्वातीन महिने गेले.

गाडी सहा वर्षांची होती. समोर मधोमध कंपनीनेच बसवलेला मोठा, काळाभोर, चकचकीत स्क्रीन. त्यावर गाणी दिसत, फोन कोणाचा आलाय ते दिसे, बाहेर किती गरम आहे तेही दिसे. म्हणजे काच खाली केली तरी जे कळलं असतं ते सगळं. मागचं मात्र दिसत नसे. घरापासून फाटकापर्यंतची वाट इतकी अरुंद, की गाडी संध्याकाळी तोंडाने आत शिरे आणि सकाळी पाठीने बाहेर पडे.

घरातली सगळ्यात धाकटी व्यक्ती सव्वादोन वर्षांची होती. तिला सगळे गुंडी म्हणत, कारण ती होतीच तेवढीशी. बाबा निघाले की गाडीच्या मागचे पांढरे दिवे लागतात, असा शोध गुंडीने लावला होता, आणि ते दिवे आपल्याला बघूनच लागतात अशी तिची प्रामाणिक समजूत होती. एका सकाळी आईने दूध उतरवून मागे वळून पाहिलं, तर गुंडी जागेवर नाही. आई अनवाणी धावली. गुंडी बंपरला नाक लावून दिव्याला टाटा करत होती आणि गाडी हलायला लागली होती. आईने तिला झग्याला धरून उचललं, मांजरीने पिल्लू उचलावं तसं.

"अरे, मागे बघत जा की जरा!"

"आरशात बघितलं ना मी," नवरा पांढराफटक पडला होता. "आरशात काही नव्हतं गं."

ते खरं होतं. गुंडी आरशाच्या कार्यक्षेत्रात येत नव्हती.

त्याच आठवड्यात गाडी कोपऱ्यावरच्या फिटरकडे गेली. फिटरने एका दुपारीत काम उरकलं. नंबरप्लेटच्या वर वाटाण्याएवढा कॅमेरा बसवला, डिकीतून तार घेतली, छताच्या कापडाखालून ती पुढे आणली, आणि मागच्या पांढऱ्या दिव्याशी एक जोड दिला, म्हणजे रिव्हर्स टाकला की चित्र हजर. मग त्याने गिअर टाकला. स्क्रीनवर अक्षरं उमटली: "अनोळखी कॅमेरा. आपल्या सुरक्षेसाठी चित्र दाखवता येत नाही."

"ताई, कॅमेरा ठणठणीत आहे," फिटर म्हणाला. "स्क्रीन ऐकत नाही."

"ऐकत नाही म्हणजे? त्याला चित्र मिळत नाही का?"

"मिळतंय ना. पण कंपनीने सांगितल्याशिवाय दाखवणार नाही म्हणतोय."

खात्री पटावी म्हणून त्याने ती तार आपल्या तळहाताएवढ्या जुनाट स्क्रीनला जोडली. त्यात गॅरेजची फरशी दिसली, टायर दिसले, आणि डबक्यात बोट बुडवून ते चाखण्याच्या बेतात असलेली गुंडी दिसली. आई दार उघडून धावली. कॅमेऱ्याने पहिल्याच मिनिटाला आपलं काम केलं होतं.

"हाच छोटा लावून टाकू का शेजारी?" फिटरने विचारलं.

"छे, छे!" नवरा म्हणाला. "एवढा देखणा स्क्रीन, आणि त्याच्या गालावर हे ठिगळ? लोक काय म्हणतील!"

म्हणून ते कंपनीच्या सेवाकेंद्रात गेले. तिथे ग्राहकसंबंध पाहणाऱ्या बाईंनी त्यांना मऊ सोफ्यात बसवलं आणि गाडीचा नंबर टाकून बराच वेळ हसतमुखाने पडद्याकडे पाहिलं.

"आमच्या नोंदीनुसार आपल्या गाडीला मागची बाजू लागू नाही."

"लागू नाही?" आईने विचारलं. "ती बाहेर उभी आहे बघा, मागच्या बाजूसकट."

"आपली अडचण मी समजू शकते, मॅडम. या मॉडेलमध्ये मागची बाजू बघण्याची सोय नव्हती, म्हणून नोंद नाही. मान्यता कार्यालयाचा दाखला आणा, आम्ही लगेच नोंद करू. तपासणीपुरता स्क्रीन तात्पुरता खुला करून देते."

मान्यता कार्यालयाच्या आवारात गाड्यांची रांग होती. त्यांची पाळी आली तेव्हा तपासणी अधिकारी पुढच्या सीटवर येऊन बसले. मांडीवर फळी, फळीवर तक्ता, कानावर पेन. आई गुंडीला मांडीवर घेऊन मागे बसली होती.

"टाका रिव्हर्स."

चित्र आलं. इतकं स्वच्छ, की आईला भरूनच आलं. मागच्या गाडीचं नाक दिसत होतं, तिचा नंबर वाचता येत होता आणि तिचा चालक आपण एकटेच आहोत अशा समजुतीने दात कोरत होता.

"हे काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मागची गाडी," नवरा म्हणाला.

"ती दिसतेय मला."

"दिसतेय ना? मग झालं की, साहेब!"

"झालं कसं? रकाना सहा वाचा. मागची जागा मोकळी दिसते काय? होय किंवा नाही. मला 'नाही' लिहावं लागतंय. 'नाही' आलं की नापास."

"पण मागे गाडी आहे, म्हणून दिसतेय," आई म्हणाली. "कॅमेरा त्यासाठीच तर लावलाय!"

"बाई, मी कॅमेऱ्याला नावं ठेवत नाही. मागे काही नसेल तेव्हा या."

"रांगेत मागे कोणीतरी असणारच ना, साहेब?"

"रांग आमच्या सोयीसाठी आहे. चित्र तुमची जबाबदारी."

दुसऱ्या वेळी ते मुद्दाम रांगेच्या अगदी शेवटी थांबले. मागे कोणी नव्हतं. होता फक्त पहारेकरी, हे कधी टळतात आणि मी फाटक कधी लावतो अशा चेहऱ्याने उभा. नापास. तिसऱ्या वेळी एक कुत्रं होतं. नवरा ते हाकलायला गेला आणि कुत्र्यासकट चित्रात आला. दुहेरी नापास.

चौथ्या वेळी गुंडीला ताप होता, म्हणून नवरा एकटाच गेला. जाताना सेवाकेंद्रात डोकावून गेला आणि दुपारी विजयी मुद्रेने घरी परतला. हातात दाखला होता.

"एका मिनिटात पास! साहेबांनी स्वतः हात मिळवला. म्हणाले, याला म्हणतात चित्र."

"कसं काय झालं?"

"सेवाकेंद्राच्या बाईंनी काहीतरी सेटिंग बदललं. मला फक्त 'मान्य' दाबायला लावलं."

त्या रात्री गुंडीचा ताप उतरला, आणि आईलाही बऱ्याच दिवसांनी निवांत झोप लागली.

पुढचे आठ-दहा दिवस नवरा गाडी काढताना शीळ घालत असे. "काय क्लिअर दिसतं गं! धूळ नाही, डाग नाही." आईला एकच गोष्ट खटकली. एका दुपारी गुंडी झोपली असताना ती गाडीत विसरलेली टोपी आणायला गेली आणि सहज म्हणून रिव्हर्स टाकून बघत बसली. बाहेर आभाळ गच्च भरलं होतं. स्क्रीनवर लख्ख ऊन होतं. रुंद, रिकामा रस्ता, आणि डाव्या हाताला एक डेरेदार झाड.

त्यांच्या अंगणात झाड नव्हतं.

आई उतरली. तिने गाडीच्या मागे बादली ठेवली आणि येऊन पाहिलं. रस्ता, झाड. बादलीवर परात पालथी घातली. रस्ता, झाड. कपडे वाळत घालायचा स्टॅन्ड, गुंडीचा चाकांचा घोडा, दोन खुर्च्या, असा अर्धा संसार तिने गाडीच्या मागे मांडला. झाडाचं पानही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गुंडीला कडेवर घेऊन सेवाकेंद्रात उभी होती.

"आपली तक्रार नेमकी काय आहे, मॅडम? चित्र अस्पष्ट आहे का?"

"चित्र खोटं आहे."

"ते मान्यताप्राप्त आहे," बाई समजुतीने म्हणाल्या. "असं बघा, गाडीच्या मागे नेहमी काही ना काही असतंच. त्यामुळे कोणाचाच कॅमेरा पास होईना. ग्राहकांचे हाल बघवेनात, म्हणून कंपनीने एक मोकळा रस्ता शोधला आणि त्याचंच चित्र कायमचं मंजूर करून घेतलं."

"आणि आमचा कॅमेरा?"

"तो चालू आहे की! तो बघतो ते दाखवत नाही, एवढंच. अट क्रमांक एकोणतीस. एकूण त्रेचाळीस अटी आहेत; आपल्या मिस्टरांनी त्या नऊ सेकंदांत वाचून मान्य केल्यात."

"मला त्यात माझी मुलगी दिसायला हवी."

बाईंनी गुंडीकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. "गाडीसोबत आलेल्या वस्तूंच्या यादीत ती दिसत नाही, मॅडम."

आईने लेखी तक्रार केली: चित्र आणि जागा जुळत नाही. व्यवस्था बहिरी असते म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तक्रारीची दखल अकराव्या दिवशी घेतली गेली. तपासणी अधिकारी स्वतः टेप घेऊन घरी आले. त्यांनी अंगण मापलं, चित्र मापलं आणि निकाल दिला.

"तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, बाई. जुळत नाही. पंधरा दिवसांत जागा दुरुस्त करून घ्या."

"जागा?"

"चित्र मंजूर आहे. जागा मंजूर असल्याचा कागद आहे का तुमच्याकडे?" आणि त्यांनी यादी लिहून दिली. डावीकडे झाड एक, कमी आहे. बादली, स्टॅन्ड, घोडा, जास्त आहेत. शेवटची नोंद करताना ते थोडे घुटमळले, कारण गुंडी त्यांच्या टेपचं टोक तोंडात घालून बसली होती. मग लिहिलं: हालचाल करणारं अपत्य, एक. चित्रात समाविष्ट नाही.

नवऱ्याने वीतभर रोप आणून लावलं. अधिकाऱ्यांनी त्यापुढे "काम प्रगतिपथावर" असा शेरा मारला.

एव्हाना गल्लीत बातमी पसरली होती. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी ते चित्र बसवून घेतलं. समोरच्यांनी घेतलं. महिन्याभरात साऱ्या गल्लीच्या मागे एकच रस्ता आणि एकच झाड झालं. कुंड्या फुटत होत्या, सायकली वाकत होत्या, पण चित्राबद्दल कोणाची तक्रार नव्हती. आई रोज सकाळी गुंडीला कडेवर घेऊन गाडीच्या मागे उभी राहून ओरडायची, "येऊ दे, येऊ दे... अरे, थांब!"

"तू कशाला उन्हात उभी राहतेस?" नवरा म्हणे. "मागे काही नाहीये, मला दिसतंय ना."

मग एका सकाळी गुंडीला शी झाली. आई तिला धुवायला आत घेऊन गेली, आणि बाहेर कडाडकन आवाज आला. चाकांचा घोडा गाडीच्या मागच्या चाकाखाली होता. मान एकीकडे, चाकं दुसरीकडे. नवरा खाली उतरला, त्याने घोड्याकडे बघितलं, परत गाडीत वाकून स्क्रीनकडे बघितलं आणि तो भेदरलेल्या आवाजात म्हणाला, "पण इथे तर घोडा नाहीये गं."

ओल्या पायांच्या गुंडीला आईने त्याच्या हातात दिलं. त्याने तिला इतकं घट्ट धरलं की ती किंचाळली. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. फिटरकडे गेला.

"लावा ते ठिगळ," म्हणाला.

आता रिव्हर्स टाकला की दोन चित्रं येतात. मोठ्या स्क्रीनवर रस्ता आणि झाड. शेजारच्या तळहाताएवढ्या स्क्रीनवर बादली, वाळते कपडे, वीतभर रोप आणि बहुतेक वेळा गुंडी. "मोठ्यात बघून धीर येतो, छोट्यात बघून गाडी काढतो," असं नवरा सांगतो. मास्तर एकदा छोटा स्क्रीन बघायला आले होते. पाच मिनिटं बघून म्हणाले, "चांगला आहे हो, पण फार पसारा दिसतो यात." आणि आपल्या झाडाकडे परतले.

परवाची गोष्ट. आई सकाळपासून एकदाही बसली नव्हती. दुपारी गुंडी झोपल्यावर ती गाडीत जाऊन बसली. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, नुसती किल्ली फिरवलेली. तिने रिव्हर्स टाकला. छोट्या स्क्रीनवर ओले कपडे तिची वाट बघत होते. तिने त्याच्यावर तळहात ठेवला. तो बरोबर झाकला गेला, मापाचाच होता.

मोठ्या स्क्रीनवर ऊन होतं. रुंद, स्वच्छ रस्ता. त्यावर धुवायचं काही नव्हतं, उचलायचं काही नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं. हे खोटं आहे हे त्या गल्लीत तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. दोनच मिनिटं, ती मनाशी म्हणाली. दोनाची सात झाली.

मग कुठूनसं खुदकन हसू ऐकू आलं. तिने चटकन तळहात उचलला. छोटा स्क्रीन काठोकाठ भरला होता: एक नाक, दोन डोळे आणि टाटा करणारा चिकट पंजा. पांढरे दिवे लागले होते, म्हणजे ते गुंडीसाठीच होते.

मोठ्या स्क्रीनवर अजूनही कोणी नव्हतं.

तिने तळहात ठेवायलाच नको होता, असं तुम्ही म्हणाल. बरोबरच आहे. तुमचा आत्ता कशावर आहे, तेवढा उचलून बघा.